मामांच्या गॅरेजात २४ तास

शुक्रवार, १४ जून २०२४ : पुणे ते सातारा

साडेचारला निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेआठला. कारण नेहमीचं, पश्याची मीटिंग. गाडी त्याची आणि चालवणारही तोच, त्यामुळे मला बोलायची सोय नव्हती.

बसल्या बसल्या मी पट्टा लावला. पश्याने लावला नाही, तरी गाडी गप्प. एरवी ती केकाटते. वाकून पाहिलं तर त्याच्या बकलात बोटभर लांबीची चकचकीत स्टीलची क्लिप खोचलेली, वर गाडीच्या कंपनीचा नकली शिक्का.

"टोलनाक्यावर घेतली. शंभरला दोन. दुसरी डॅशबोर्डात आहे, तुला लावू का?"

हा माणूस मला सांगलीला, मामांच्या गॅरेजात पडद्यावर मोटारींची शर्यत बघायला घेऊन चालला होता. फ्रान्समधल्या ल माँची, चोवीस तासांची. कुठल्या गाडीचे टायर किती फेऱ्या टिकतात हे त्याला तोंडपाठ आहे. २०२२च्या सप्टेंबरात सायरस मिस्त्री पालघरजवळच्या अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्यानंतर आठवडाभर पुण्यात लोक मागेसुद्धा पट्टे शोधत होते. पुढच्या वर्षी सरकारने ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. टोलनाक्यावरच्या पोराला कोण सांगणार?

खंबाटकीत ट्रक मुंगीच्या पावलाने चढत होते. मी मुद्दाम १९६९चा विषय काढला. त्या काळी ल माँला शर्यत सुरू व्हायची ती पळत. गाड्या एका कडेला तिरक्या लावलेल्या, ड्रायव्हर समोरच्या कडेला. झेंडा पडला की रस्ता ओलांडून पळायचं, उडी मारून बसायचं आणि सुटायचं. पट्टा लावत बसलात तर दहा गाड्या पुढे. म्हणून कित्येक जण पहिली फेरी तशीच मारायचे. त्या वर्षी जॅकी इक्स नावाचा चोवीस वर्षांचा बेल्जियन पोरगा सगळे पळत असताना चालत गेला. निवांत बसला, पट्टे आवळले आणि सगळ्यांत शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फची पोर्श ९१७ आदळली. पट्टा नव्हता, तो गाडीबाहेर फेकला गेला आणि मेला. इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर यांनी चोवीस तासांनंतर ती शर्यत जिंकली, तीही साधारण १२० मीटरने. पुढच्या वर्षीपासून पळणं बंद.

"मला काय सांगतोस," पश्या म्हणाला. "ही गोष्ट तुला मीच सांगितली होती."

खरं होतं ते.

साताऱ्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मावशीने पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. पोवई नाक्याच्या नव्या भुयारी रस्त्यात आम्ही चुकलो होतो, हे तिला सांगितलं नाही.

शनिवार, १५ जून : सातारा ते सांगली

सकाळी मावशीने मामांसाठी कंदी पेढे बांधून दिले आणि "गाडी हळू चालवा" हे तीन वेळा सांगितलं. हळू चालवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. सातारा ते कागल सहापदरीचं काम सुरू, त्यामुळे दर दोन-तीन किलोमीटरवर डायव्हर्जन. एक पाटी दिसते ती वळण संपल्यावर. कराडला चहा. पेठ नाक्याला महामार्ग सोडला, इस्लामपुरातून दाजींना उचललं.

दाजी म्हणजे मावशीचे जावई. बैलगाडी शर्यतीचा नाद. स्वतःची जोडी नाही, पण तालुक्यातल्या कुठल्या मैदानात कुणाचा बैल फायनलला राहिला हे विचारा. आष्ट्याच्या अलीकडे त्यांनी गाडी आत घ्यायला लावली. "तुमच्या त्या इंग्लंडच्या शर्यतीआधी आमचं मैदान बघा." फ्रान्स, असं सांगून काही उपयोग नव्हता.

मैदान रिकामं होतं. शर्यत होऊन पंधरा दिवस झालेले, वर दोन पाऊस पडून गेलेले. तरी चाकोऱ्या दिसत होत्या. रानातून सरळ, शेजारी शेजारी आखलेले पट्टे, बैलांच्या खुरांनी खणलेले. प्रत्येक गाडीने आपल्या चाकोरीतून पळायचं, सोडली की बाद. आधी गट, मग सेमी, मग फायनल. २०१४ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सोडल्या आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. हे सगळं दाजी तारखांसकट सांगतात. आता डॉक्टरचा दाखला लागतो, चाबूक नाही, बॅटरीचा झटका देणं नाही. "आन् खरं सांगू? शर्यत काय हळू झाली न्हाई त्यानं. मारून पळणारा बैल कवाच चांगला नव्हता."

मग ते आम्हाला निशाणाच्या टोकाला घेऊन गेले. धोका सगळा इथे, म्हणाले. बैल सुटतात तेव्हा सगळे सावध असतात. पण निशाण ओलांडल्यावर जोडी लगेच थांबत नाही, आणि लोक नेमके तिथेच दाटतात. निकाल तिथे दिसतो ना. मागे एकदा जुंपलेला छकडा सरळ माणसांत गेला होता, एका म्हाताऱ्याचं मांडीचं हाड मोडलं. पुढच्या मैदानाला तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आडव्या लावल्या. लोक ट्रॉलीवर चढून उभे राहिले.

१९५५च्या ल माँमध्येही माणसं अशीच निकालाच्या जागी दाटली होती. मुख्य स्टँडसमोर रस्ता अरुंद, पिट, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबायची जागा, आणि धावता रस्ता यांच्यामध्ये भिंतही नाही. गाड्या सरळ रस्त्याच्या कडेलाच थांबायच्या. ११ जूनला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटला थांबायला अचानक मंदावली. मागचा लान्स मॅक्लिन आपली ऑस्टिन-हीली घेऊन डावीकडे हुकला, आणि त्याच्या मागून येणारी पिएर लव्हेगची मर्सिडीज त्या गाडीच्या उतरत्या पाठीवरून चढून उडाली. प्रेक्षकांपुढे मातीचा बांध होता तेवढाच. इंजिन, पुढचा आस, बॉनेट गर्दीतून गेलं. गाडीची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, पेटल्यावर पाणी मारलं तर अजून भडकणारी. लव्हेगसह ८०हून जास्त माणसं मेली. मोटार शर्यतीच्या इतिहासात त्याहून मोठा अपघात नाही. शर्यत थांबवली नाही. थांबवली असती तर लाखोंची गर्दी एकदम रस्त्यावर येऊन अॅम्ब्युलन्स अडकल्या असत्या, असं आयोजकांनी सांगितलं. मला ते कधी पटतं, कधी नाही. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर पहिल्या नंबरवर असलेली गाडी मागे घेतली आणि वर्षअखेरीस शर्यतींतूनच बाहेर पडली. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या शर्यतीच बंद केल्या.

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हातारं किती वर्षांचं होतं? तो लव्हेग?"

एकोणपन्नास.

मामांचं गॅरेज सांगली-मिरज रस्त्याला, आतल्या अंगाला. पत्र्याचं छप्पर, दोन खड्डे, एका कोपऱ्यात मारुतीचा फोटो आणि त्याखाली मल्टिमीटर. मामा बावीस वर्षं एका ट्रॅव्हल्स कंपनीत मेकॅनिक होते. नाव काढत नाहीत. एका रात्री ब्रेकचं काम अर्धं असताना "गाडी सोडा, पॅसेंजर उभं आहे" म्हणून मालकाचा फोन आला. मामांनी किल्ली खिशात घातली आणि घरी गेले, ते परत गेलेच नाहीत. मागच्या वर्षी मी त्यांना फोनवर शर्यतीचं सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "चोवीस तास? डायवर बदलत्यात का एकच मरतोय?"

याचं उत्तर मी राखून ठेवलं होतं. एके काळी एकच मरत होता, मामा. १९५२ साली एका माणसाने जवळजवळ तेवीस तास एकट्याने गाडी चालवली. जोडीदार पिटमध्ये उभा, पण ह्याने चाकच सोडलं नाही. पहिल्या नंबरवर होता. तास-सव्वा तास उरला असताना इंजिन गेलं आणि मर्सिडीज जिंकली. त्या माणसाचं नाव पिएर लव्हेग. तो हट्ट बघूनच मर्सिडीजने पुढे त्याला आपल्या गाडीवर घेतला, १९५५ला.

आता एका गाडीला तीन ड्रायव्हर. कुणीही सलग सहा तासांत चार तासांहून जास्त चालवायचं नाही, आणि चोवीस तासांत मिळून चौदा तासांच्या वर नाही. एक मिनिट जास्त झालं तरी शिक्षा.

मामा म्हणाले, "कायदा आपल्याकडं पण हाय." तेव्हा होताच. १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा. दिवसाला आठ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. "आमचा डायवर रात्री मुंबईला जायाचा, दिवसभर गाडीतच झोपायचा, रात्री परत. झोपायचा म्हंजे डिकीत. उन्हाळ्यात."

शर्यत आपल्या साडेसातला सुटणार होती. सहाला लाईट गेली. मामांनी शांतपणे ट्रकची बॅटरी इन्व्हर्टरला जोडली, पडद्यासाठी बेडशीट ताणली, प्रोजेक्टर टायरच्या थप्पीवर ठेवला. मग वेळ आहे म्हणून पश्याच्या गाडीचं ऑइल बघायला गेले आणि क्लिप हातात घेऊन परत आले.

"ह्यो कुठला पार्ट?"

पश्याने सांगितलं. मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कसल्या पत्र्याची आहे ते नखाने वाजवून पाहिलं, आणि फळीवरच्या डालड्याच्या डब्यात टाकली. त्या डब्यात कुठल्याच गाडीला न लागणारे नट-बोल्ट असतात. पश्या काही बोलला नाही.

साडेसात. ६२ गाड्या. त्यातल्या २३ हायपरकार, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातल्या, १६ मधल्या वर्गातल्या आणि २३ जीटी, म्हणजे शोरूममधल्या गाड्यांच्या भावंडासारख्या. मामांना यातच सगळ्यात जास्त रस. एकाच रस्त्यावर तीन वेगांच्या गाड्या? फेरी १३.६२६ किलोमीटरची. हायपरकारला साडेतीन मिनिटं, जीटीला चार. म्हणजे साधारण अर्ध्या तासात एकदा पुढची गाडी मागचीला फेरीभर मागे टाकणार, रात्रभर, पावसात. रात्री ओळखू यावं म्हणून जीटीचे दिवे पिवळे. त्यात प्रत्येक जीटी गाडीत एक शौकी ड्रायव्हर असलाच पाहिजे असा नियम. दिवसा कारखाना चालवणारा, वीकेंडला गाडी.

"म्हंजे आपला हायवे," मामा म्हणाले.

तसं आहे खरं. २०११ला ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या अशाच जीटीला ओलांडताना गेल्या. अॅलन मॅकनिशची पहिल्या तासातच, टायरच्या भिंतीवर उलटी आदळून. चाक उडून फोटोग्राफरांच्या डोक्यावरून गेलं. मग रात्री माइक रॉकनफेलरची, ताशी तीनशेच्या आसपास. राहिलं काय तर ड्रायव्हर बसतो ती कार्बनची खोळ. दोघेही जिवंत बाहेर आले. उरलेल्या एकुलत्या ऑडीने पजोला १३.८५४ सेकंदांनी हरवलं. चोवीस तासांत चौदा सेकंद! मी पश्याला नेहमी म्हणतो, ती खोळ नसती तर त्या रात्री इतक्या जोरात चालवायची कुणाची छाती झाली असती?

मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिकडे नुकता अंधार पडला होता तेव्हा, ८३ नंबरची फेरारी आणि १५ नंबरची बीएमडब्ल्यू लांब सरळ रस्त्यावर एकमेकांना लागल्या. बीएमडब्ल्यू कठड्याला आपटून फिरली. ड्रायव्हर आपला आपण बाहेर आला. कठडा दुरुस्त होईपर्यंत सगळ्या गाड्या सेफ्टी कारमागे, म्हणजे पुढे संथ चालून सगळ्यांना थोपवणाऱ्या गाडीमागे. ८३ला तीस सेकंदांची शिक्षा. मामा त्या दुरुस्ती करणाऱ्या माणसांकडेच बघत होते. "बघ, बोल्ट किती फटाफट बसिवत्यात. तयारीनं आल्यात."

दाजी टायरवर डोकं टेकून झोपले होते.

रविवार, १६ जून : सांगली

जाग आली तेव्हा पडद्यावर तेच. सेफ्टी कार, मागे दिव्यांची रांग, पाऊस. शर्यतीच्या शेवटच्या तासांसाठी जपून ठेवलेला माझा उत्साह या दृश्याने पार ओला झाला. चार तासांहून जास्त वेळ हे चाललं. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या लग्नाच्या वरातीसारख्या एकामागे एक. पश्या चिडला. रॉसीची बीएमडब्ल्यू, म्हणजे मोटरसायकलवाला व्हॅलेंटिनो रॉसी, पावसातच जोडीदाराच्या हातून घसरून बाद झाली होती, त्यामुळे त्याचा राग दुप्पट. "पावसाचे टायर असतात कशाला मग?"

टायर पाणी कापतात, पण साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागल्यावर काही चालत नाही. आणि पुढच्याने उडवलेल्या फवाऱ्यात दहा फुटांवरचं दिसत नाही. तरी पश्याचं म्हणणं मी पूर्ण उडवून लावत नाही. एवढा वेळ म्हणजे फार झालं, मलाही वाटलं. २०१३ला अॅलन सिमॉनसन शर्यत सुटून दहा मिनिटंही झाली नसताना टर्ट्र रूजच्या वळणावर गेला, आणि त्यापुढच्या वर्षी ल माँने 'स्लो झोन' आणले. जिथे अडचण आहे तेवढ्या तुकड्यातच सगळ्यांनी ताशी ८०ने जायचं, बाकीच्या वाटेवर शर्यत चालू. मला ही कल्पना फार आवडते. पण पाऊस सगळ्या तेरा किलोमीटरवर पडतो.

वेळ होता म्हणून आयर्विन पुलावर गेलो. कृष्णा अजून तळाशीच, पाणी नुसतं गढूळ झालेलं. खांबावरचे फुटांचे आकडे बघितल्याशिवाय सांगलीचा माणूस पूल ओलांडत नाही. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. मामांच्या गॅरेजात त्या वर्षीची पाण्याची रेष अजून भिंतीवर आहे, रंग मारायचा नाही असं त्यांनीच ठरवलंय. येताना भडंग घेतला. तोवर शर्यत पुन्हा सुटली होती.

दुपारी वजनाचा वाद निघाला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या हायपरकार बरोबरीत धावाव्यात म्हणून आयोजक प्रत्येकीचं किमान वजन आणि ताकद ठरवून देतात. २०२३ला, शर्यतीच्या शंभराव्या वर्षी, ऐन तोंडावर टोयोटावर ३७ किलो चढवले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११, पोर्शवर ३. फेरारी तब्बल पन्नास वर्षांनी वरच्या वर्गात परतली होती आणि जिंकलीही. मला हे आवडत नाही. चांगला अभ्यास केलेल्या पोराच्या पाठीवर दप्तर जड करण्यासारखं आहे. दाजींना यात नवल वाटलं नाही. "मग सरावात बैल हळूच पळवायचा की. कुणाला कळतंय?" हीच तर भानगड आहे, दाजी. पण नऊ कंपन्या वरच्या वर्गात यायला लागल्या त्या या बरोबरीमुळेच, हे पश्या म्हणतो आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

एक भारतीय आठवण निघाली. २०१२ला करुण चंधोक ल माँ धावणारा पहिला भारतीय ठरला, सहावा आला. त्याच्या गाडीतला एक जोडीदार पीटर डम्ब्रेक. १९९९ला याच रस्त्यावर याची मर्सिडीज नाक वर करून हवेत गेली, कोलांट्या खात झाडांत पडली. शर्यतीआधी मार्क वेबरची गाडी दोनदा उडाली होती, तरीही बाकीच्या उतरवल्या होत्या. डम्ब्रेक वाचला आणि तेरा वर्षांनी चंधोकबरोबर धावला. चंधोकच्याही तीन वर्षं आधी नारायण कार्तिकेयन धावणार होता, पण शर्यत सुटायच्या आत पिटच्या भिंतीवरून उतरताना खांदा निखळला. मामा यावर इतके हसले की चहा सांडला.

मग शेवटचे दोन तास. पुन्हा पाऊस. ५० नंबरची फेरारी पुढे, आणि कॅमेऱ्यात दिसलं की तिचं दार उघडं आहे. नीट लागलेलंच नाही, वाऱ्याने हलतंय. निकलस नील्सन एका हाताने काही करता येतं का बघत होता. आणि काळ्या झेंड्यावर नारिंगी टिकला आला: आत या, दुरुस्त करा.

मामा खुर्चीतून उठले. "दार उघडं म्हणून? पैल्या नंबरच्या गाडीला?"

हो.

"शर्यत संपायला आल्यावर?"

हो.

फेरारी आत आली. माणसाने दार लावलं, इंधन भरलं, गाडी सुटली. थांबा ठरल्याआधी झाल्यामुळे शेवटचं इंधन पुरेल का, हा नवा घोर. मागे सात नंबरची टोयोटा, जी २३ हायपरकारमध्ये शेवटून सुटली होती, ती येत होती. गॅरेजात कुणी बोलत नव्हतं. शेजारचा पंक्चरवाला, त्याला सकाळपासून यातलं काही माहीत नव्हतं, तोही दारात उभा. साडेसात वाजले. ५० नंबर चौदा सेकंदांनी पुढे, टाकीत जेमतेम दोन टक्के उरलेले.

दाजी टाळ्या वाजवत होते. मामा बेडशीटची पिन काढता काढता म्हणाले, "तो झेंडा दावणारा माणूस कोण असतोय? त्याला फोन येत न्हाई का मालकाचा?"

सोमवार, १७ जून : सांगली ते पुणे

पहाटे निघालो. गाडी सुरू होताच केकाटली. पश्याने डॅशबोर्ड उघडला, दुसरी क्लिप शोधली. नव्हती. मामांनी ऑइल बघताना तिथेही हात घातला होता. पेठ नाक्यापर्यंत त्याने हट्टाने आवाज सहन केला, मग शिव्या देत पट्टा ओढला.

साताऱ्यात थांबलो नाही. खंबाटकीचा बोगदा संपला की ते एस आकाराचं वळण येतं, किती माणसं गेली त्या वळणावर. उतार, मोकळा रस्ता, आणि एकदम दोन उलटे वळसे. ल माँवाल्यांनी १९९०ला आपल्या सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर मुद्दाम दोन वळणं घातली, कारण गाड्या ताशी ४००च्या पुढे जायला लागल्या होत्या. आपल्याकडे नको तिथे आहे, आणि ते टाळायला तेव्हा नवा बोगदा खणत होते. आमच्या पुढे उसाच्या कारखान्याच्या भंगाराने भरलेला ट्रक, मागच्या दाराला दोरी. पश्याने वेग कमी केला, त्याच्या मागेच राहिला.

टोलनाक्यावर काच वाजली. गळ्यात फोनच्या वायरी, चष्मे, हातात पुठ्ठ्यावर टोचलेल्या चकचकीत क्लिपा.

"साहेब, बेल्टची क्लिप. शंभरला दोन."

"सांगलीला जा," पश्या म्हणाला. "तिथं एका डब्यात दोन पडल्यात, फुकट मिळतील."